मिलचे पैसे आले त्यानंतर : एक प्रकरण अभ्यास

इंदूरमधल्या एका मराठी कुटुंबाचं हे प्रकरण. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे घरगुती तपशील हलवले आहेत, आणि लिहिण्याआधी घरातल्या सगळ्यांना, मुख्य म्हणजे अण्णांना, विचारलं आहे. मी आठवड्यातून दोन दिवस एका मराठी मंडळाच्या वाचनालयावरच्या खोलीत समुपदेशनासाठी बसते. तिथे येणाऱ्या बहुतेक घरांत वयस्क माणसाला एक सल्ला आधीच देऊन झालेला असतो : ‘झालं गेलं सोडा, आजचं बघा.’ या घरातही तो देऊन झाला होता. तो लागू का पडत नव्हता, हे कळायला थोडा वेळ लागला आणि कारण अपेक्षेपेक्षा फार साधं निघालं.

पार्श्वभूमी

अण्णांचा जन्म १९५३चा. वडील खानदेशातून इंदूरला मिलमध्ये आले आणि इथलेच झाले. त्या वेळी मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण अशा कापड गिरण्यांवर अर्धं शहर चालायचं आणि भोंग्यावर घड्याळं लावली जायची. अण्णा विसाव्या वर्षी हुकुमचंद मिलच्या लूम (माग) खात्यात हेल्पर म्हणून लागले, पुढे फिटर झाले. १९९२मध्ये मिल बंद पडली तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. घरात बायको (आम्ही त्यांना काकू म्हणू), नितीन आणि वर्षा ही दोन मुलं, भाड्याच्या दोन खोल्या आणि मिलकडे अडकलेला पैसा.

त्या पैशासाठी कामगारांनी कोर्टात किती वर्षं काढली हे इंदूरकरांना सांगायला नको. २५ डिसेंबर २०२३ रोजी एका सरकारी कार्यक्रमात सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. हक्कदार कामगार होते सुमारे ४,८००. सरासरी काढली तर माणशी साडेचार-पावणेपाच लाख पडतात, प्रत्यक्षात प्रत्येकाचा आकडा वेगळा. कितीतरी कामगार तोवर गेले होते, त्यांचे पैसे वारसांना घ्यायचे होते.

मधल्या तीस वर्षांत अण्णांनी सांवेर रोडच्या कारखान्यांत कंत्राटावर कामं केली, काही वर्षं एका गोदामावर रात्रीची चौकीदारी केली. घर चाललं. पण घरातली प्रत्येक मोठी गोष्ट ‘मिलचे पैसे आले की’ या एका खुंटीला टांगलेली राहिली. गच्चीवरची खोली, काकूंचा गुडघा, वर्षाच्या लग्नातला मानपान. नितीनच्या डिप्लोमाच्या फीसाठी काकूंच्या पाटल्या मोडल्या तेव्हाही अण्णांनी सराफ्यातून घरी येईपर्यंत शब्द दिला होता, की मिलचे पैसे आले की पहिल्या पाटल्या. बहीणभावांत तर न आलेल्या पैशाच्या वाटणीवरून दोनदा अबोला झाला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

काकू २०१९मध्ये गेल्या. पैसे २०२४च्या उन्हाळ्यात खात्यात जमा झाले.

अडचण

जूनमध्ये पहिल्यांदा आली ती सून, स्मिता. ‘ताई, अण्णा घरात असतात, पण आमच्यात नसतात,’ असं म्हणाली. मग एकेक सांगत गेली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हणून सांगून ती दुकानात गेली, तर परत येईतो डाळ करपली होती आणि अण्णा तिथेच, स्वयंपाकघराच्या दारात, वही घेऊन बसलेले. रस्त्यावर मागून स्कूटरवाला हॉर्न देत राहिला आणि हे रस्त्याच्या मधूनच चालत राहिले. धक्का लागता लागता वाचला. आठ वर्षांचा चिनू शाळेतलं काही सांगायला जवळ जातो, अण्णा मान हलवतात आणि मध्येच मिलच्या बॉयलरची गोष्ट सुरू करतात. चिनूने आता जाणंच सोडलं होतं. ‘आजोबा माझं ऐकत नाहीत,’ हे त्याने आईला सांगितलेलं वाक्य तिने मला दोनदा सांगितलं.

वही ही दोनशे पानी रजिस्टर. त्यात पगार, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा आणि त्यावर अण्णांनी स्वतःच लावलेलं बारा टक्के व्याज. दर वर्षी नवा हिशेब, नवा आकडा. खात्यात आलेली रक्कम शेवटच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी होती. नितीनला वाटलं होतं, पैसे आले की वही मिटेल. झालं उलटं. आधी हिशेब पुढचा होता, आता तो मागचा झाला. दोन हजार साली मिळाले असते तर काय झालं असतं, दहा साली मिळाले असते तर काकूंचा गुडघा झाला असता, असं पानापानावर सुरू झालं. पहाटे साडेतीनला दिवा लागायचा. जेवण कमी झालं. पैशाचं काय करायचं विचारलं तर एकच उत्तर : ‘काय लोणचं घालू त्याचं?’

नितीनचं निदान तयार होतं : अण्णा भूतकाळात अडकले आहेत, त्यांना वर्तमानात आणायला हवं. वरवर पाहता ते चुकीचंही नव्हतं.

समोर असलेले पर्याय

घरात चार-पाच गोष्टींवर चर्चा चालू होती.

वर्षा पुण्याला असते. हवापालट होईल, अण्णांना माझ्याकडे पाठवा, असं तिचं म्हणणं. यावर फार वेळ गेला नाही. दिवसभर कुलूप लावून सगळे बाहेर जाणाऱ्या पाचव्या मजल्यावरच्या घरात हा माणूस वहीशिवाय दुसरं काय करणार होता?

नितीनच्या साहेबांनी विपश्यनेचं शिबिर सुचवलं. इंदूरजवळ केंद्र आहे, खर्च नाही, आणि ‘आत्ताच्या क्षणात राहायला’ तिथेच शिकवतात. विपश्यनेने फायदा झालेली माणसं मला माहीत आहेत, त्यामुळे हे झटकून टाकण्यासारखं नव्हतं. पण दहा दिवसांचं शिबिर म्हणजे पहाटे चारला उठणं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं आणि पूर्ण मौन. प्रवेशाच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं, ते उगाच नाही. झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या सत्तरीच्या माणसाला डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय तिथे पाठवणं धोक्याचं. शिवाय या घरात मौनाची टंचाई नव्हतीच. तो पर्याय मागे ठेवला, मोडीत काढला नाही.

तिसरा पर्याय नितीनचा : रक्कम मुदत ठेवीत टाकायची, वही कपाटात कुलूपबंद करायची, आणि विषय बंद. याबद्दल पुढे लिहिते.

चौथा, मानसोपचारतज्ज्ञ. हा मी सुचवला आणि सगळ्यांत जास्त विरोध त्यालाच झाला. ‘अण्णा काही वेडे नाहीत,’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, इथेही ऐकलं. तडजोड अशी झाली की आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचं : साखर, थायरॉइड, बी-१२. वयस्क माणसाच्या उदासीमागे यांतलं काही असू शकतं. बी-१२ थोडं कमी निघालं, बाकी ठीक.

काहीच करू नये, वेळ गेला की होईल बरं, असंही एक मत होतं. ‘वेळ जाऊ देण्याचं काम या घराने तीस वर्षं केलंय,’ असं म्हणून स्मिताने ते तिथेच संपवलं.

काय केलं

ज्येष्ठांच्या नैराश्यासाठी पंधरा हो-नाही प्रश्नांची एक यादी वापरतात. पाचाच्या वर गुण गेले तर पुढे तपासावं असा संकेत आहे. अण्णा आले तेव्हा मी ती यादी समोर ठेवून प्रश्न वाचत होते, खाली मान घालून उत्तरांवर खुणा करत होते.

‘घरातच बसणं बरं वाटतं का?’

‘भरते ना,’ अण्णा म्हणाले. ‘एक दिवसाआड येतं नर्मदेचं पाणी, पण टाकी भरते.’

मी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ अजिबात नव्हता. त्यांच्या मते मी पाण्याचं विचारलं होतं. प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी त्यांच्याकडे पाहत, आणि नेमकं उत्तर मिळालं. मग मी यादीच त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी पंधराही प्रश्न सरळ सोडवले. गुण आले आठ. म्हणजे उदासी होतीच. पण दुसरंही काहीतरी होतं.

कान-नाक-घसा डॉक्टरांकडे पाठवायचं की आधी मानसोपचाराचा आग्रह धरायचा, हा पहिला खरा निर्णय. दोन्ही एकाच आठवड्यात करायचं ठरवलं. कानाला कोणाचा विरोध नव्हता. आणि कानाच्या डॉक्टरांकडे निघालेलं घर दुसऱ्या डॉक्टरांचं नावही जरा कमी बिचकत ऐकतं.

तपासणीत दोन्ही कानांत मशीनच्या आवाजाने येणारं बहिरेपण निघालं. असं बहिरेपण बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. त्यामुळे खालच्या पट्टीतला आवाज येत राहतो, माणसाला वाटतं मला ऐकू येतंय. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’सारखी व्यंजनं गळतात आणि वाक्य अर्धवट पोहोचतं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी जातात. कुकरची शिट्टी जाते. लूम खात्यात शटलच्या गदारोळात ओठांच्या हालचालींवर बोलणं ओळखायची सवय लागते, ती अण्णांना होतीच, म्हणून इतकी वर्षं समोरासमोर निभावून गेलं. २०२०मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा तेही गेलं. त्याच्या थोडं आधी काकू गेल्या होत्या, ज्या त्यांच्यासमोर बसून, मोठ्याने, जुन्या पद्धतीने बोलायच्या. लूम खात्यातल्या एकोणीस वर्षांचा हा हिशेब मात्र वहीत कुठेच नव्हता. कारखान्यातल्या आवाजाने येणारं बहिरेपण १९४८च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेलं होतं, हे अण्णांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता स्मिताने सांगितलेल्या सगळ्या गोष्टी पुन्हा वाचा. कुकर, स्कूटर, चिनू. घरच्यांना जे ‘तंद्रीत असणं’ वाटत होतं त्यातलं निम्मं ऐकू न येणं होतं. चालू दिवस त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांत पोहोचत होता, तर मिलच्या आठवणी अखंड ऐकू येत होत्या. मन कुठे जाणार?

मन भटकणं ही एकट्या अण्णांची गोष्ट नाही, हेही घरच्यांना सांगावं लागलं. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१०मध्ये २,२५० माणसांच्या फोनवर दिवसभरात अधूनमधून प्रश्न पाठवून पाहिलं, तर ४६.९ टक्के वेळा माणसाचं मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि तेव्हा ती माणसं तुलनेने कमी खूश होती. नितीन हे ऐकताना फोन बघत होता. मी काही बोलले नाही, स्मिता बोलली.

मानसोपचारतज्ज्ञांनी कमी मात्रेत एक गोळी सुरू केली, झोपेची वेगळी दिली नाही. मिलच्या पैशातला पहिला खर्च झाला तो कानाच्या मशीनवर. अण्णांनी स्वतः चेक लिहिला. पहिले दोन आठवडे वाईट गेले. पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, ताटात पडलेला चमचा, सगळं अंगावर येत होतं. जेवताना ते मशीन काढून खिशात टाकायचे. मेंदूला या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे जातात, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. मशीन घेऊन कपाटात ठेवणारी घरं मी बरीच पाहिली आहेत. ती याच टप्प्यावर हरतात. आम्ही सकाळी दोन तास एवढंच बंधन ठेवलं आणि हळूहळू वाढवलं.

दुसरा निर्णय वहीचा. नितीनला ती कुलूपबंद हवी होती. माझं मत वेगळं होतं. तीस वर्षं जी गोष्ट माणसाने धरून ठेवली ती हिसकावली तर तो मनात दुसरी वही उघडतो, आणि तिथे कोणाचाच हात पोहोचत नाही. काळजीसाठी दिवसातली एक ठरलेली वेळ राखायची, एरवी ती पुढे ढकलायची, ही पद्धत थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये मांडली. ती इथे लावली. संध्याकाळी पाच ते पाच-वीस, ओट्यावर, वही उघडायची. हवा तेवढा हिशेब, हवा तेवढा राग. पाच-वीसला बंद. पहाटे आठवलं तर उशाच्या चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा आणि संध्याकाळी बघायचा. अण्णांनी लबाडी केली, सुरुवातीला दुपारीही वही उघडत. पण मिलमधल्या माणसाला पाळीची वेळ समजते. महिन्याभरात ती बसली.

तिसरा निर्णय सगळ्यांत रंजक होता. श्वासावर लक्ष ठेवण्याचा नेहमीचा सराव मी सुचवला होता. अण्णांनी तीन दिवस केला आणि येऊन सांगितलं, ‘डोळे मिटले की लूम चालू होतात.’ खोटं नव्हतं. अशा बहिरेपणात बऱ्याचदा कानात गुणगुण असते आणि शांतता झाली की तीच वर येते. मिटलेले डोळे या माणसाला हातातल्या कामापासून आणखी दूर नेत होते.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. पाण्याचा दिवस होता. खालची मोटर चालू झाली तसे अण्णा बोलणं मध्येच सोडून उठले. लांब दांड्याचा पेचकस घेतला, मशीन कानातून काढलं, पेचकसाचं टोक मोटरच्या बेअरिंगपाशी टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. डोळे उघडे, पण कुठेच न बघणारे. अर्धा मिनिट तसेच. मग म्हणाले, ‘मागची बेअरिंग कोरडी झालीय. आवाज करत नाही अजून, पण करेल.’ हाडातून येणारी ती घरघर त्यांना माझ्याहून स्वच्छ कळत होती. त्या अर्ध्या मिनिटात त्यांचं लक्ष इकडचं तिकडे झालं नाही. भल्याभल्या ध्यान करणाऱ्यांना ते जमत नाही.

श्वास सोडून दिला, मोटर धरली. एक दिवसाआड पाणी येतं त्या सकाळी अण्णांची पाळी. वेळ, पाण्याचा जोर, मोटरचा आवाज, टाकी किती वाजता भरली, हे लिहायचं. त्यांनी नवी वही घेतली नाही. हिशेबाचीच वही उलटी केली आणि मागच्या पानापासून पाण्याचं रजिस्टर सुरू केलं. नर्मदेचं पाणी कधी येईल याची आपण वाट बघतो, पण ते आलं की त्याच क्षणी तिथे हजर राहावं लागतं. ही शिस्त त्यांना कोणी समजावून द्यावी लागली नाही.

चौथा निर्णय, झांकी. मिल बंद पडल्या तरी त्यांच्या नावाने कामगार अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे हलत्या देखाव्यांची मिरवणूक, काढतात, आणि सगळं इंदूर रात्र जागून त्या बघतं. ऑगस्टमध्ये जुने सोबती अण्णांना बोलवायला आले. नितीन नको म्हणत होता : तिथे पुन्हा मिलच्याच गप्पा, शिळ्या कढीला ऊत. मी जाऊ द्या म्हटलं, कारण तिथे हलणाऱ्या पुतळ्यांच्या मोटरी आणि गिअर होते, आणि १७ सप्टेंबर ही ठरलेली तारीख होती. दोघांचंही खरं ठरलं. अण्णांनी एका देखाव्याचा फिरता पाट बसवला, रोज डबा घेऊन गेले, चिनूला दोनदा नेलं. पण पैसे कोणाला किती मिळाले यावर तिथे एकदा भांडणही करून आले. चतुर्दशीनंतरचा आठवडा फार जड गेला. पहाटेचा दिवा पुन्हा लागू लागला. मोठं काम संपल्यावर असं होणार हे धरून मी त्या आठवड्यातली भेट आधीच ठरवून ठेवली होती, तिचा उपयोग झाला.

पाचवा निर्णय पाटल्यांचा, आणि तो अजून झालेला नाही. काकूंना दिलेला शब्द अण्णांना पाळायचा होता. नितीनला ते पैसे घराच्या कर्जात हवे होते, आणि त्याने माझ्याकडून पाठिंब्याची अपेक्षा ठेवली होती, की गेलेल्या माणसासाठी दागिना करणं म्हणजे भूतकाळातच राहणं नाही का? मला तसं वाटत नाही. दिलेला शब्द हे आजचंच देणं असतं, ते कसं फेडायचं हा प्रश्न वेगळा. मी एवढंच सुचवलं की रक्कम आल्यापासून काही महिने कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. अण्णा आणि स्मिता दिवाळीच्या आधी सराफ्यात भाव विचारून आले. सोनं तोळ्याला सत्तर हजारांच्या पुढे होतं. अण्णांनी स्मिताला विचारलं, तुला कोणत्या आवडतील? ती म्हणाली, मला पाटल्या नकोत, स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा हवा. पंखा त्यांनी स्वतः बसवला. पाटल्यांचं विचारलं की ‘बघू’ म्हणतात. वर्षाला हे आवडलेलं नाही. आईच्या नावाचं काहीतरी व्हायलाच हवं, असं तिचं म्हणणं आहे आणि त्यातही तथ्य आहे.

निष्पत्ती

जानेवारी २०२५मध्ये तीच पंधरा प्रश्नांची यादी पुन्हा दिली, या वेळीही छापील. गुण चार. झोप आता पहाटे साडेचार-पाचपर्यंत टिकते. जेवण सुधारलं. चिनूची सायकल दोघं मिळून उघडतात, आणि मुलगा शाळेतलं सांगतो तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बसतो, कारण डावा कान जरा बरा आहे, हे त्याने स्वतःच शोधून काढलं.

यातलं श्रेय कशाचं किती हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. गोळी, बी-१२, कानाचं मशीन, संध्याकाळची वीस मिनिटं, पाण्याची पाळी, झांकी, सगळं काही महिन्यांत एकावर एक झालं. गोळी अजून चालू आहे. मशीन नसतं तर बाकीचं टिकलं नसतं, एवढं मात्र मी म्हणेन.

वहीच्या पुढच्या बाजूला हिशेब अजून होतो. पाच-वीसच्या आत संपतो बहुधा. मिलच्या गोष्टीही चालू आहेत. स्मिताची नवी तक्रार अशी की अण्णांना आता सगळंच ऐकू येतं, तिची आणि नितीनची रात्रीची कुजबुजही, आणि दुसऱ्या दिवशी ते त्यावर मत देतात.

वेगळं काय करता आलं असतं

कानांची तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. साठीच्या पुढचा माणूस ‘आपल्यातच असतो’, ‘जुन्यातच रमतो’ अशी तक्रार आली की तपासण्यांच्या यादीत साखर-थायरॉइडच्या जोडीला ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, असावी. आणि गिरणी, छापखाना, लोहारकाम अशा आवाजाच्या कामात आयुष्य गेलेलं असेल तर तीच सगळ्यांत वर. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२०मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या बारा गोष्टी दिल्या, त्यात कमी ऐकू येणं आहे. म्हणजे अण्णांच्या घरात ज्याला स्वभाव समजलं जात होतं, ते आणखी काही वर्षं तसंच राहिलं असतं तर मामला अवघड होता.

पैसे येणार हे घराला डिसेंबरपासून ठाऊक होतं. खात्यात जमा होईपर्यंतच्या महिन्यांत अण्णांशी आकड्याबद्दल सगळे बोलले; पैसे आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. निवृत्तीच्या, खटल्याच्या निकालाच्या, मुलाच्या परदेशी जाण्याच्या प्रसंगीही हेच होतं. ज्या गोष्टीची फार वर्षं वाट पाहिली ती घडल्यावर दिवसात मोठं भगदाड पडतं, आणि तिथे काय भरायचं याची बोलणी आधी झालेली बरी. नितीनशी तेव्हा बोलता आलं असतं तर कर्जाचा विषयही तापला नसता.

विपश्यनेबद्दल अण्णांनी अलीकडे स्वतःच विचारलं. डॉक्टरांना विचारून बघा म्हटलं आहे. दहा दिवस कानातलं मशीन काढून बसायचं का लावून, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

झांकीतल्या सोबत्यांपैकी तिघांनी अण्णांचं बघून कान तपासून घेतले; तिघांचंही तेच निघालं. पुढच्या तयारीच्या पहिल्या बैठकीला एका दिवसाची तपासणी तिथेच ठेवावी, असं अण्णांनी सुचवलं आहे. कामगारांमधल्या दोघांनी होकार दिला. तारीख ठरायची आहे, आणि डॉक्टरांची फी वर्गणीतून द्यायची की ज्याची त्याने, यावर वाद चालू आहे.